खिळ्यावरचा नान

घोड्याला ओकता येत नाही. ही गोष्ट आमच्या ह्यांनी माझ्या सख्ख्या भावाच्या लग्नात, पुलावाची परात नुकतीच समोर आली असताना, नवरीकडच्या बारा पाहुण्यांना ऐकवली. तिथे थांबले असते तरी निभावलं असतं. पण घोड्यावरून हे उंटावर गेले, की त्याच्या मदारीत पाणी नसतं, चरबी असते. चरबीवरून पुलावावर आले, पुलावावरून गाजरावर. गाजर आधी जांभळं आणि पिवळंच होतं म्हणे, नारिंगी झालं ते पुढे हॉलंडात. तोवर भात गार झाला होता आणि माझी वहिनी परातीकडे बघून रडकुंडीला आली होती.

लोक ह्यांना तोलिब अका म्हणतात. मी नाव घेत नाही, आमच्यात कुणीच नवऱ्याचं घेत नाही. मी म्हणते, ओयदिनचे दादा, म्हणजे वडील. ओयदिन आमची एकुलती एक लेक. आमच्या मर्गिलान गावात रेशीम रंगात बुडवायच्या आधी जिथे रंग लागू द्यायचा नाही तिथे दोरा आवळून गाठी मारायच्या असतात, ते ह्यांचं काम. दिवसाला शेकड्यांनी गाठी. हात गुंतलेले आणि तोंड मोकळं, ही खरी अडचण.

सगळं खूळ भिंतीवरच्या कॅलेंडरातून आलं. रोज एक पान फाडायचं, आणि पानामागे काहीतरी छापलेलं असतं. रेशमाच्या एका कोशातून किलोमीटरभर धागा निघतो. तुतीचं फूल पराग उडवतं ते आवाजाच्या निम्म्याहून जास्त वेगानं. पान वाचून झालं की मी ते चुलीत घालते, पण ह्यांच्या डोक्यात ते राहतंच. आणि नुसतं राहून भागत नाही. "सुटा धागा काय कामाचा?" म्हणतात. "एका गोष्टीची दुसरीशी गाठ बसली तरच ती खरी आपली."

ओयदिन लहानपणी ह्यांच्याजवळ बसून दोरा धरायची. एकदा ह्यांनी तिला सांगितलं, की पृथ्वीच्या पार पलीकडे भूकंप झाला तरी ताश्कंदमधल्या यंत्राची सुई थरथरते. पोरीनं विचारलं, "मग ती सुई बघत कोण बसतं?" झालं. विसाव्या वर्षी ताश्कंदहून प्रवेशाचा कागद आला. भूकंपाची यंत्रं सांभाळायचं शिक्षण, दोन वर्षांचं. तो कागद तिनं गोधड्यांच्या चळतीखाली ठेवला. तो तिथे आहे हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे तिला.

आणि त्याच आठवड्यात शेजारच्या कुवा गावाहून मागणी आली.

आमच्याकडे मागणी घालायला येणारी माणसं फडक्यात बांधून नान आणतात. मुलीकडच्यांनी तो मोडला की लग्न ठरलं. नाही मोडला तर फडकं गाठीसकट परत जातं, कुणाचं काही बिघडत नाही. मी ओयदिनला शब्द दिला होता, की आज फक्त चहा होईल, 'हो' नाही आणि 'नाही'ही नाही. मुलाचा म्हातारा काका येणार होता, म्हणून ह्यांनाही बसवणं भाग होतं. मी बजावलं, "चहा ओता, मान डोलवा, आणि तोंड उघडलंत तर बघा."

"आणि त्यांनी काही विचारलं तर?"

"तर खोका."

मुलाची मावशी रिसोलत ओपा सोन्याचे दात दाखवत बसली. फडकं मधोमध ठेवलं. हे तीन पेले होईतो खोकत होते. इतके, की रिसोलत ओपा म्हणाली, "तोलिब अकांना छातीचा विकार तर नाही ना? सोयरिकीआधी कळलेलं बरं."

मग त्या काकाला दुर्बुद्धी सुचली. म्हणाला, "आमचा पोरगा समुद्राकाठी काम करून आलाय."

"समुद्र!" हे म्हणाले, आणि खोकला जागच्या जागी बरा झाला. "समुद्र गाठायला दोन देश ओलांडावे लागतात असे जगात दोनच देश. एक आपला आणि दुसरा लिक्टेनस्टाइन. म्हणून तर आपल्याला ऑक्टोपस माहीत नाही. त्याला तीन हृदयं असतात! आणि रक्त निळं, कारण त्यात तांबं असतं."

"तांबं?" काका पुढे सरकला. त्यालाही हाच रोग होता, हे मला तेव्हा कळलं.

"तांबं. माझ्या आजीचा नानवर टोचे मारायचा ठसा तांब्याच्या खिळ्यांचा होता. टोचे कशाला मारतात? शोभेला? छे! मधला भाग फुगू नये म्हणून. कड बघा कशी फुगते आणि मध्य कसा पातळ राहतो, थांबा, दाखवतोच."

आणि हात फडक्यात गेला. कडकन नान मोडला.

दोन्ही हातांत दोन अर्धे धरून हे कड दाखवत होते. मग त्यांचं लक्ष आमच्या तोंडांकडे गेलं.

"मुबारक!" रिसोलत ओपा ओरडली. दुआसाठी हात वर झाले. दारात ओयदिन चहाची किटली घेऊन उभी होती. तिनं फक्त किटली खाली ठेवली, अगदी हळू. हे माणूस म्हणून वाईट नाहीत, पण त्या क्षणी मला ह्यांचं तोंड दोऱ्यानं आवळून टाकावंसं वाटलं.

लग्नाच्या इतक्या वर्षांत मी ह्यांना पहिल्यांदाच गप्प पाहिलं. ओठ हलत होते, पण पुढची गाठ सापडत नव्हती.

मग म्हणाले, "काका, नानची गोष्ट अर्धीच झाली. माझे वडील फौजेत निघाले, तेव्हा आजीनं त्यांना नानचा एक घास चावायला लावला आणि उरलेला खिळ्याला टांगला. बाहेरगावी गेलेल्याचा नान घरात वाट बघतो. तो परत येऊन पुरा करेपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. खरं की नाही?"

"खरं," काका म्हणाला. "माझाही टांगला होता."

"ओयदिन ताश्कंदला निघालीय, दोन वर्षांसाठी. ये बाळ, चाव." म्हणजे गोधड्यांखालचा कागद ह्यांनीही पाहिला होता.

"वा! आणि आमचा पोरगा दोन वर्षं खिळ्याकडे बघत बसेल?" रिसोलत ओपा कडाडली.

ओयदिननं ह्यांच्याकडे पाहिलंच नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. सगळेच माझ्याकडे बघायला लागले.

"चाव," मी म्हटलं.

तिनं चावला. प्रवासाला निघालेल्याच्या नानसमोर कोण वाद घालणार? काकानं तिच्या सुखरूप परतण्याची दुआ मागितली आणि तोंडावरून हात फिरवला. रिसोलत ओपानं उरलेला अर्धा फडक्यात बांधून परत नेला, सोयरिकीसकट, आणि पुढे कुव्यात आमच्याबद्दल काय काय सांगितलं ते इथे सांगण्यासारखं नाही.

ओयदिननं चावलेला अर्धा नान आता कॅलेंडरशेजारी टांगलाय, दगडासारखा कडक. पानं मी चुलीत घालते अजूनही, पण आधी वाचते. ओयदिनचा फोन येतो, तेव्हा ती आईला, म्हणजे मला, पहिलं विचारते, "ओयी, नान आहे ना?" आणि मग, "आज पानामागे काय?"

परवाच्या पानावर होतं, की सफरचंदाचं बी पेरलं तर आईसारखं झाड कधीच येत नाही, दर बीचं झाड वेगळं. मी वाचून दाखवलं. हे शेजारी गाठी मारत बसले होते.

"मग, ओयी? पुढची गाठ?" पोरगी हसली.

ती कशी बसली मला ठाऊक नाही, पण बसली. म्हटलं, "माझा नान मोडला तेव्हा मी अंगणात कपडे वाळत घालत होते. अठरा वर्षांची. मला शिक्षिका व्हायचं होतं. आत 'मुबारक' ऐकू आलं, तेव्हा मला वाटलं, शेजारी कुणाचं तरी ठरलं."

ह्यांच्या बोटांतला दोरा तसाच थांबला होता.

जगातल्या इतक्या गोष्टी माहीत आहेत ह्यांना. ही नव्हती.