ज्यांना ऊन लागत नाही

थूल गेल्याची बातमी मला अल्लीपूरच्या बसस्टँडवर कंडक्टरनं सांगितली. "तुमचे थूलसर गेले नं जी सकाळी... छातीत कळ आली म्हणते." बस निघून गेली, मी तिथंच उभा. आमच्या शाळेत तो इतिहास शिकवायचा, मी गणित. महा हट्टी, भांडकुदळ माणूस! असा मित्र मला आता मिळायचा नाही.

त्याचं भांडण एका वाक्याशी होतं. नववीच्या धड्यात प्रश्न होता, युरोपीय सत्तांनी अमेरिकेत आफ्रिकी गुलाम का नेले? गाइडात उत्तर तयार : ते लोक मुळातच काटक, त्यांना ऊन बाधत नसे. पोरं घोकून यायची आणि थूल भोपळा द्यायचा.

"सर, काऊन चुकलं? गाइडात हाय नं!" एक पोरगी रडकुंडीला आली होती.

"गाइडाले काय कळते, बाई? आधी ऊस न तंबाखू लावला. तिथल्या लोकाईले राबवलं, रोगराई नेली, ते मेले. गोरे गरीब करारावर आणले, तर मुदत सरली का ते मोकळे. मंग आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसं इकत घेतली. घर समुद्रापार, पळून जातीन कुठं? जन्मभराची मजुरी फुकट, लेकरंही मालकाचीच. नफा दिसला म्हणून नेले. काटक-बिटक मागून चिकटवलं, मनाले खाऊ नये म्हणून."

त्याची माय मे महिन्यात दुसऱ्याच्या वावरात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटताना लू लागून गेली. घडीभर सावलीत बसू द्या म्हणाली, तर मालक हसला होता, "तुमाले कुठं ऊन लागते वं!" हे त्यानं मला एकदाच सांगितलं, गिरडची टेकडी चढताना. वर्गात कधीच नाही.

पुढं पालक तक्रार घेऊन आले. दहावीला बोर्डात गाइडचंच उत्तर चालतं, मार्कांचं काय? हेडमास्तरांनी नववी काढून घेतली आणि त्याला पाचवीची चित्रकला दिली. नव्या सरांनी ते वाक्य फळ्यावर लिहून दिलं. थूलनं व्हरांड्यातून वाचलं... "हरलो लेका," म्हणाला.

शोकसभेला सारी शाळा मैदानात, उन्हात बसवली होती. संस्थेचे अध्यक्ष मनापासून बोलले, डोळे पुसत बोलले. "थूलसर भर उन्हात सायकलीनं यायचे, कधी टोपी नाही की दुपट्टा नाही. त्यांचा समाजच मुळात काटक! या लोकांना ऊन बाधत नाही."

मी ताडकन उठलो. हेडमास्तरांनी हात धरून खाली बसवलं. पोरांनी माना डोलावल्या... उत्तर त्यांना पाठच होतं.