शेवटच्या गाण्यातली शिट्टी

माझा मामा तीस वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच वाक्य ऐकवत आला आहे. "डोळ्याला चष्मा लावताना लाज वाटली नाही, मग कानाला यंत्र लावताना कसली वाटते?" त्याचं कानाच्या यंत्रांचं दुकान आहे. पुढे काउंटर, काउंटरमागे मी, त्याची भाची, आणि माझ्यामागे कान तपासायची खोली. खोली कसली, कपाटच ते. जाड भिंती, एक काच, एक खुर्ची. दार लावलं की स्वतःचा श्वासही शेजाऱ्याचा वाटतो. गिऱ्हाइकानं आत हेडफोन लावून बसायचं, मामा बाहेरून बारीक बारीक आवाज सोडणार, आणि आवाज ऐकू आला की गिऱ्हाइकानं बोट वर करायचं.

मागच्या वर्षी मशीन दुरुस्त होऊन आलं, तेव्हा ते नीट चालतंय का बघायला मी मामालाच आत बसवलं. खालच्या पट्टीतले आवाज झाले, मधले झाले, बोट टुणकन वर. वरच्या पट्टीतला सोडला तर बोट मांडीवरच. मी आवाज वाढवला. मामा काचेतून माझ्याकडे बघून गोड हसला. बाहेर आला आणि म्हणाला, "मशीन परत पाठव. बिघडलंय."

मशीन ठणठणीत होतं. मी घरी जाऊन मामीला सांगितलं, तर तिला आधीपासून ठाऊक. "कुकरची शिट्टी कधीच बंद झालीय त्यांच्यासाठी," ती म्हणाली. "यंत्र लावा म्हटलं तर म्हणतात, अजून वेळ आहे. लोका सांगे ब्रह्मज्ञान!" उरलेली म्हण तिनं नवऱ्याचा मान ठेवून गिळली.

त्याच सुमारास तो सुपरग्रुप आमच्या दुकानात शिरला.

सुपरग्रुप म्हणजे काय, हे मला त्यांच्यातल्या बेस गिटारवाल्यानं वीस मिनिटं समजावलं, म्हणून मी त्याचं नाव प्राध्यापक ठेवलं. इंडी रॉकमधले, म्हणजे कंपनीशिवाय स्वतःच्या जोरावर वाजवणारे, तीन बँड फुटले की त्यातली तीन मोठी माणसं एकत्र येतात, तो सुपरग्रुप. मोठी म्हणजे किती? तर एकेकाळी प्रत्येक बँडचे दोनशे कट्टर चाहते होते, आणि त्यातले दीडशे तिन्हीकडे तेच. दुसरा गिटारवाला, डोक्यावरची टोपी झोपतानाही काढत नसावा, म्हणून टोपी. तिसरी ड्रम वाजवायची आणि प्रत्येक ओळ उसासा टाकून म्हणायची. तिला आम्ही उसासा म्हणायचो, अर्थात ती नसताना. तिघंही पंचेचाळिशीचे, आणि हा त्यांचा पहिला अल्बम.

टोपी आईसाठी यंत्राचे सेल घ्यायला आला होता. त्यानं सहज त्या खोलीत डोकं घालून एक टाळी वाजवली आणि तिथेच ठरवून टाकलं, गायचं ते इथेच. आवाज कोण सांभाळणार, असा प्रश्न निघाला. मामा काउंटरवर हात ठेवून म्हणाला, "मी."

यामागची गोष्ट मला माहीत होती. तरुणपणी कॉलेजच्या प्रत्येक कार्यक्रमात माईक आणि स्पीकर मामा बघायचा. एक तरी अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत आपल्या हातून व्हावा आणि त्यावर आपलं नाव यावं, एवढीच त्याची हौस होती. मग लग्न, दुकान, आजोबांचं आजारपण, आणि हौस माळ्यावर गेली. आता ती स्वतःच्या पायांनी चालत आली होती. पण ज्याला वरचे सूर ऐकूच येत नाहीत त्याच्या हातात आपला अल्बम कोण देईल? कळलं की त्याच दिवशी गाशा गुंडाळून जातील.

"यंत्र लाव," मी म्हटलं.

"आणि त्यांनी बघितलं तर? उपाय काढ."

उपाय मीच काढला. रेकॉर्ड झालेले आवाज जुळवायचं काम, म्हणजे मिक्सिंग, चालू असताना मी काउंटरवरून ऐकायचं. ड्रमच्या झांजा कानाला फार टोचल्या किंवा मागे सुरसुर आली की मी बोट वर करायचं, मामानं तिरक्या नजरेनं बघून वरचे सूर कमी करायचे. तीस वर्षं लोक मामासाठी बोट वर करत आले, आता मीही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दुपारी एक ते चार दुकान बंद असतं, तेवढ्या वेळात काम. वाद्यं मागच्या गोदामात, गाणं खोलीत. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, इथे तर तीन. प्रत्येकाला वाटायचं आपलाच आवाज मागे पडतोय. टोपी डबा खायला गेला की प्राध्यापक हळूच मामाकडे, "मामा, बेस जरा वर घ्या की." तो गेला की टोपी. उसासा तर येऊन नुसता उसासा टाकायची, आणि तिला काय हवंय ते कळायचं. चौथ्या दिवशी मामानं एका मोडक्या मशीनची तीन बटणं काढून लाकडी फळीवर बसवली आणि तिघांना एकेक वाटून दिलं. "आपापला आवाज आपापल्या हातात. मी मध्ये पडणार नाही." बटणांना मागे तारसुद्धा नव्हती. तिघांनीही आपापलं बटण पूर्ण फिरवलं, डोळे मिटून ऐकलं, आणि "आता कसं!" म्हणून एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. मला हसू दाबता येईना, मी पावतीपुस्तकात तोंड घातलं.

एक गोष्ट मात्र मला तेव्हा समजायला हवी होती. महिनाभरात त्या तिघांपैकी एकानंही सुरसुरीबद्दल चकार शब्द काढला नाही. मी आपली समजत होते, मोठ्या मनाची माणसं आहेत.

शेवटच्या गाण्याच्या दिवशी माझी दाढ काढायची होती. मी नसणार म्हटल्यावर मामाचा धीर सुटला आणि त्यानं आयुष्यात पहिल्यांदा, केसांआड लपवून, यंत्र कानाला लावलं. पुढचं मला मामानं मागाहून सांगितलं. उसासानं खोलीत उभं राहून गाणं म्हटलं, ते तिच्या वडिलांवरचं होतं. मामा माईक खाली घ्यायला आत गेला. तिनं हेडफोन लावलेलेच होते, माईक चालूच होता, आणि ती मामाच्या गळ्यात पडून रडली. यंत्र लावलेल्या माणसाला मिठी मारली, कानापाशी काही दाबलं गेलं, की यंत्र शिट्टी मारतं. हे आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.

दुसऱ्या दिवशी सुजलेला गाल घेऊन मी काउंटरवर बसले. मामानं यंत्र पुन्हा खिशात टाकलं होतं. शेवटचं गाणं लागलं. गाणं छानच होतं, आणि संपता संपता सात सेकंद सुईसारखी शिट्टी. मी बोट वर केलं. मामानं झांजा कमी केल्या. पुन्हा लावलं, मी पुन्हा बोट वर. त्यानं झांजा बंदच केल्या. मी दोन्ही हात वर केले.

"तुम्हाला काही हवंय का?" प्राध्यापकानं मला विचारलं.

"अहो, शेवटी केवढी शिट्टी वाजतेय!"

तिघंही आधी हसले, मग त्यांनी मान हलवली.

"हो, ती शिट्टी," टोपी म्हणाला. "ती माझ्या गिटारची. मुद्दाम ठेवलीय."

"कल्पना माझी होती," प्राध्यापक म्हणाला. "शांततेची कड दाखवायला."

उसासानं उसासा टाकला. "मला तर ती ऐकून रडूच येतं."

मी बोलायला तोंड उघडलं, पण मामाकडे बघून थांबले. तो गाणं ऐकत नव्हता, त्या तिघांचे चेहरे बघत होता. आधी हसू, मग मान: ऐकू न आलेला माणूस हेच करतो. तीस वर्षांत असे हजार चेहरे त्यानं त्या काचेतून बघितले होते. वीस वर्षं स्पीकरपुढे उभे राहिलेले हे तिघं! मामानं गाणं बंद केलं, खिशातून यंत्र काढलं आणि सगळ्यांसमोर कानाला लावलं. मला रडू आलं, दाढेमुळे नव्हे.

"मला वरचं काही ऐकू येत नाही," तो म्हणाला. "सगळा अल्बम हिच्या बोटावर केलाय. चालत नसेल तर टेप घेऊन जा, माझं नाव घालू नका. पण जायच्या आधी एकेकानं त्या खुर्चीवर बसायचं."

मग टोपीनं सावकाश टोपी काढली, आणि त्याच्या डाव्या कानात कापसाचा बोळा होता. "दोन वर्षं झाली," तो म्हणाला, "यात सतत घंटा वाजते." आणि पहिला तोच आत गेला.

सोनारानेच कान टोचावेत म्हणतात ते खरं. महिन्याभरात तिघांचे कान यंत्रांनी सजले. अल्बम आला त्या दुपारी दुकान बंद करून आम्ही सगळे पुढच्या खोलीत बसलो, मामीसुद्धा. वेष्टनावर मामाचं नाव होतं आणि त्याखाली माझं. माझ्या कामाच्या जागी नुसतं "बोट" छापलं होतं.

शेवटचं गाणं संपत आलं. शिट्टी काढा असं मी दहादा सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं नव्हतं. ती सुरू झाली, आणि कुणीही न सांगता टोपीचं बोट वर गेलं. मग प्राध्यापकाचं. मग उसासाचं. मामा कानाला यंत्र लावून, डोळे मिटून बसला होता. मी त्याच्या मांडीवरच्या हाताकडे बघत राहिले. चौथ्या सेकंदाला त्याचंही बोट वर झालं.