वनमालाबाईंचं न्हाण

जव्हार संस्थानात नळ नव्हते तेव्हाची गोष्ट. पोशी पाड्यावरून येऊन जंगलखात्याच्या बळवंतरावांकडे पाणी भरायची. त्यांच्या बायकोचे, वनमालाबाईंचे, गुडघे धरलेले. ऊन पाण्यात बसा, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून रावसाहेबांनी मुंबईहून जस्ताचा टब मागवला. चार माणसांनी तो खांद्यावरून घाट चढवून आणला. ओढ्यावर दगडाने अंग घासणाऱ्या पोशीला त्याचं फार नवल वाटलं. रोज दुपारी ती विहिरीचं पाणी शेंदायची, हंड्यात तापवायची, टब भरायची आणि बाईंची पाठ चोळायची. दोघींच्या गप्पाही व्हायच्या.

पावसाळ्यात बाई तापाने गेल्या. दिवसकार्य उरकलं, आणि रावसाहेब म्हणाले, "पोशी, टब भरत जा."

"कोणासाठी, सायेब?"

"तू भर."

ती भरू लागली. संध्याकाळी पाणी उपसायला जावं तर वर तेलाचा तवंग. बाई गुडघ्यांना लावत तेच तेल. रावसाहेब दाराबाहेर खुर्ची टाकून बसत आणि विचारत, "काही ऐकू आलं का गं?" त्यांना कधीच काही ऐकू येत नसे. पोशीला पाणी हलल्याचं ऐकू यायचं. ती हंडा उचलून निघून जायची.

एके दुपारी शेवटचा हंडा ओतून ती वळली, तोच मागून आवाज आला, "पोशी, पाठ चोळ."

 हाक ओळखीची होती. तिने पाण्यात उजवा हात घातला. पाणी कढत, आणि हाताला लागलेली पाठ बर्फासारखी गार. तिने हलकेच चोळली.

"बाय, कशाला येतेस गं? दमली असशील."

"हे रोज माझ्यासाठी पाणी काढायला लावतात. मग यावं लागतं."

पोशी तशीच ओल्या हाताने बाहेर आली आणि सगळं सांगून मोकळी झाली. रावसाहेब आधी तिच्यावर कडाडले. मग बराच वेळ तोंड झाकून बसले. शेवटी स्वतः उठले, आणि दोघांनी मिळून टब अंगणात पालथा केला. पाणी उतारावरून वाहून गेलं. तेव्हा पायरीवर ओली पावलं वाजली. रावसाहेबांनीही ती ऐकली. आवाज फाटकापर्यंत गेला आणि थांबला.

पोशी पुढे म्हातारी होईस्तोवर घरोघर पाणी भरत राहिली. पाठ मात्र तिने कुणाची चोळली नाही. तिचा उजवा तळवा कायम गार असायचा, तव्यावरची नाचणीची भाकरी उलटतानासुद्धा.