स्वराचं वजन आणि साखरेचा पुडा

मगदूम सिस्टर नसत्या तर मी आज कोल्हापुरात नसते. किनवटच्या एसटीत बसून कधीच परत गेले असते. म्हणून आधी त्यांचं नाव घेते, मग काय झालं ते सांगते.

मुलांच्या एका दवाखान्यात मी मदतनीस आहे. नववीत शाळा सुटली आणि मावसबहिणीच्या ओळखीने किनवटहून इतक्या लांब आले. आमच्या फॉलो-अप ओपीडीत दिवस भरायच्या आधीच जन्मलेली बाळं येतात. जन्मताना दीड किलोच्याही आतली. सुरुवातीचे दिवस एनआयसीयूत, म्हणजे लोक काचेची खोली म्हणतात तिथे काढलेली. घरी गेल्यावरही त्यांची वाढ मागे पडायची भीती असते, म्हणून दर महिन्याला बोलावतात. माझं काम सोपं. बाळाचे कपडे उतरवायचे, काट्यावर ठेवायचं, आकडा मोठ्याने सांगायचा. लांबी आणि डोक्याचा घेर सिस्टर घेतात.

त्या दिवशी स्वरा नावाच्या अशाच एका बाळाचा आकडा सांगितला आणि डॉक्टर मॅडमनी मान वर केली.

"परत घे."

परत घेतलं. तोच आकडा.

"मागच्या महिन्यातही हाच होता. काटा झीरो केला होतास?"

"हो मॅडम."

"दुपटं?"

"काढलंय मॅडम. करगोटासुद्धा."

नवी होते. वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय आणि आता घरी पाठवतात.

स्वराला जन्मतारखेने वर्ष होत आलेलं. अशा बाळांचं वय मॅडम दोन तऱ्हेने मोजतात. एक जन्मापासूनचं. दुसरं, ज्या तारखेला जन्मायला हवं होतं तिथपासूनचं. त्याला करेक्टेड एज म्हणतात. त्या हिशेबाने धरलं तरी पोर मागे होती. पहिले काही महिने चांगली वाढली होती. मागे पडलेलं बाळ असं भराभर वाढून बरोबरीला येतं, त्याला कॅच-अप म्हणतात. वरचं खाणं सुरू झाल्यावर तिचं कॅच-अप थांबलं होतं.

"काय काय खाते?" मॅडमनी विचारलं.

आईच्या आधी आजी बोलली. गारगोटीकडची बाई, आवाज जिन्यापर्यंत. "समदं खाती की! भात, डाळ, नाचणी, भाजी. नगं म्हणत न्हाय."

"मग वाढत का नाही?" मॅडम कागदाकडे बघत म्हणाल्या. "तपासण्या करू. पुढच्या वेळी वजन हललं नाही तर ॲडमिट करू. नाकातून नळी घालून दूध द्यावं लागेल."

नळीचं नाव काढताच स्वराच्या आईने पोरीला छातीशी ओढलं. "परत नळी नको हो मॅडम. लई बघितलंय ते."

मला तर काही सुधरेना. काट्यामुळे त्या लेकराला नळी लागली तर?

मगदूम सिस्टर तेवढ्यात उठल्या. स्टाफच्या चहासाठी घरून आणलेला साखरेचा एक किलोचा बंद पुडा पिशवीतून काढला आणि काट्यावर ठेवला.

"बघ गं, किती दावतंय?"

"एक किलो. आणि वर जरासं."

"जरासं पिशवीचं. काटा खरा हाय, वजन घेणाऱ्या ह्या पोरीचा हातबी खरा हाय. आता डब्याचं बघू." मग आजींकडे वळल्या. "आजी, स्वराचं जेवण आणलंय न्हवं? चारा की हितंच."

आजींनी खुशीत डबा उघडला. मऊ वरणभात, वास सुटलेला. मग पिशवीतून एक फडकं निघालं, धुऊन धुऊन पांढरंशुभ्र झालेलं. ते वाटीवर अंथरलं, त्यात वरणभात ओतला आणि पिळला. खाली वाटीत पिवळसर पाणी पडलं.

"आणि वर राहिलं त्येचं काय करता?" सिस्टर म्हणाल्या.

"आमी खातो. टाकायचं व्हय?"

"तरीच. तुमचं वजन घ्याय पायजे आज."

आईला हसू आलं. आजींना नाही. "हसू नगासा. तुमच्याच काचंच्या खोलीत बघितलंय मी. ही एवढीशी नळी, त्यातनं थेंब थेंब दूध. पोरीचं नरडंच तेवढं म्हणून तर नळी घातलीती. आता नरडं मोठं झालं म्हणून कुणी सांगितलंय मला?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "नाही सांगितलं," त्या म्हणाल्या. "आमचं राहिलं, आजी. तेव्हा तिला ओढून गिळता येत नव्हतं, म्हणून नळी होती. आता येतं. या पाण्याने पोट भरतं, पण अंगाला काही लागत नाही."

सिस्टरांनी डब्यात उरलेला भात बोटाने कुस्करला, वर तूप घातलं. चमचा तिरपा केला तरी पडणार नाही, इतका घट्ट. स्वराला सरळ बसवलं. पहिला घास तिने जिभेने बाहेर ढकलला.

"बघा! ठसका लागंल!" आजी ओरडल्या.

"थांबा की वाईच."

दुसरा घास थोडा आत राहिला. मग मात्र पोरीने सिस्टरांच्या हातातला चमचाच धरला, सोडेना. मॅडमनी सांगितलं, एकदम नको, रोज थोडं थोडं घट्ट करत न्या. नळीचा निर्णय महिन्याने.

तो महिना कळंब्याला मी राहायचे त्या खोलीवर मला झोप म्हणून आली नाही.

पुढच्या खेपेला आजींचा आवाज आधी आला, मागून स्वरा. कपडे उतरवले, काट्यावर ठेवली. आकडा बघितला आणि खरा वाटेना, म्हणून परत वाकून बघितला.

"अगं बोल की!" सिस्टर.

मी सांगितला. मॅडम म्हणाल्या, "परत घे." या वेळी हसत होत्या. परत तोच आकडा. चांगलाच वर गेलेला.

"बरोबरीला यायला वेळ लागेल. उंची तर आणखी सावकाश येईल. पण नळी नको."

स्वराच्या आईने लगेच पोरीला कपडे घालायला घेतले. आजींनी ते फडकं माझ्या हातात कोंबलं. "घे, काटा पुसायला." सिस्टरांनी साखरेचा नवा पुडा फोडून सगळ्यांच्या तळहातावर चिमूट चिमूट ठेवली. स्वराला सोडून. तिला एवढ्यात साखर नाही, असं मॅडमनी बजावलं होतं.

तेव्हापासून आमच्याकडे "काय खायला देता?" असं नुसतं विचारत नाहीत. डबा उघडायला सांगतात. आणि एनआयसीयूतून घरी सोडताना नळी कशासाठी होती, हे आजीला समोर बसवून सांगतात.

सिस्टरांनी मला बाहेरून दहावीला बसवलंय. चहाच्या वेळेत गणित घेतात, चुकलं की डोक्यात टपली मारतात. पास झाले की त्यांच्या दारात साखर उतरवणार आहे. पुडा नव्हे, पोतं.