लॉन्ड्रीवालीचं रक्त

लॉन्ड्रीवाली दोनच गोष्टींचा तोरा मिरवायची. तिच्या इस्त्रीखालून चुणी सुटत नाही आणि तिच्या माहेरच्या रक्तात दुखणं नाही. बाई तोंडाने फटकळ, पण कामाला वाघ. म्हणून गिऱ्हाइकं ऐकून घेत.

त्या वर्षी फ्लूने घरातले सगळे आडवे झाले आणि चार दिवस लोळून उठले. दीड वर्षाची नात चिमणी मात्र थेट कृत्रिम श्वासावर गेली. एकटी तीच का? लॉन्ड्रीवालीकडे उत्तर तयार होतं. सून मागच्या खोलीत वाफेत काम करायची आणि पोरीला तिथेच टोपलीत निजवायची. आईच निष्काळजी, दुसरं काय, हे तिने काउंटरवर येईल त्याला ऐकवलं. पडद्यामागे सून इस्त्री करतेय, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आवाज चढायचा तो तेवढ्यासाठीच.

पोर वाचली. पण डॉक्टरीणबाईंना शंका आली आणि त्यांनी चिमणीचं, तिच्या आईबापाचं रक्त जनुकांच्या तपासणीला पाठवलं. लॉन्ड्रीवालीने आपण होऊन बाही वर सारली. म्हणाली, माझंही घ्या, खोट कुठल्या घराची ते एकदाचं कळू दे. व्याह्यांची जिरवायची होती, बाकी काही नाही.

निकाल ऐकायला ती ठेवणीतले कपडे घालून गेली. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, विषाणू शिरला की शरीरात आधी धोक्याची हाक जावी लागते, मग बाकीची फौज उठते. ती हाक देणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. एक धड असली तरी भागतं. चिमणीच्या दोन्ही बिघडलेल्या. एक सुनेकडून आलेली. दुसरी मुलाकडून, आणि त्याला ती मिळाली लॉन्ड्रीवालीकडून. वाफेचा काही संबंध नाही. घरातल्या सगळ्यांनी दरवर्षी लस घ्यायची, पोरीला ताप आला की तडक दवाखाना गाठायचा. दोष कुणाचाच नाही.

हे शेवटचं वाक्यच जास्त झोंबलं. दोष दिला असता तर भांडता तरी आलं असतं. परतताना ती मागे मागे राहिली. सुनेच्या पाठीकडेही बघवेना.

घरी सून स्वयंपाकघरात एकटी सापडली. लॉन्ड्रीवाली पुटपुटली, झालं गेलं, मनात ठेवू नकोस.

"आई, बोललात ते काउंटरवर," सून भांडं विसळत म्हणाली. "मग हे इथे कशाला सांगता?"

दुसऱ्या दिवशी पहिली आली ती शेजारची शिक्षिका, गल्लीचं चालतंबोलतं वर्तमानपत्र. लॉन्ड्रीवालीने तिच्या कपड्यांचं गाठोडं बांधलं, सोडलं, पुन्हा बांधलं. मग म्हणाली, चिमणीचं दुखणं जन्मापासूनचं निघालं, सुनेची चूक नव्हती.

शिक्षिका समजूतदार हसली. "सुनेला पाठीशी घालता, मोठं मन तुमचं. पण आईचं लक्ष हवंच हो."

लॉन्ड्रीवालीची कानशिलं तापली. पेरलं होतं तिनेच, आणि चांगलं रुजलं होतं. पडद्यामागची इस्त्री थांबली.

"पाठीशी नाही घालत," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "निम्मा बिघाड माझ्या रक्तातून आलाय. मी उगाच तिच्या माथी मारलं."

शिक्षिकेने घाईने पैसे काउंटरवर ठेवले. गाठोडं उचलून ती निघाली. इस्त्री पुन्हा फिरू लागली. सून बाहेर आली नाही. आणि पायरीवर पुढचं गिऱ्हाईक उभं होतं. त्यालाही हे पहिल्यापासून सांगायचं होतं.