देठ कापलेली अळंबी

औराद तालुक्यात आमच्या कमलबाईइतकी वैतागलेली बाई दुसरी नसेल, आणि त्या वैतागाला आम्हीच कारण. श्रावणात माळावरच्या वारुळांवर अळंबी उगवली की अख्खा गाव टोपल्या घेऊन तिच्या दारात. तिनं पाहिल्याशिवाय चुलीवर चढवायची नाही, असा रिवाजच पडला होता. सत्तरीची बाई, पाठ धरलेली. पण उंबऱ्यावर बसून एकेक अळंबी हातात घ्यायची आणि शंका आली की सरळ उकिरड्यावर फेकायची.

खरी अळंबी आणि विषारी छत्री दिसायला सख्ख्या बहिणी. खरीचा देठ मुळासारखा वारुळाच्या पोटात खोल जातो. विषारीला तसं मूळ नसतं. देठावर कडं असतं आणि छत्रीखालचे पापुद्रे पुढे हिरवट पडतात. कुणी शिजताना चांदीचं नाणं टाकून बघा, विषारी असली तर काळं पडतं, म्हटलं की कमलबाई म्हणायची, "नाण्याला काय कळतंय?"

यंदा शेजारच्या राघोबानं टोपली आणली. त्याची लेक विजयश्री पोटुशी, माहेरी आलेली. तिला अळंबीचे डोहाळे लागले होते. कमलबाईला त्रास नको म्हणून त्यानं देठ कापून, धुऊन सगळी लख्ख करून आणली.

कमलबाईनं एक उचलून बोटं फिरवली. "देठ कामून कापलास?"

"माती लई होती, अक्का. पापुद्रे बघा की. तुमाला तेवढ्यावर कळतंय."

तिनं अळंबी परत टोपलीत ठेवली. मग म्हणाली, "पापुद्रे दिसंनात मला. मोतीबिंदू हाय. दोन सालं झाली, देठ चाचपूनच वळखायलेय."

राघोबाचं तोंड उतरलं. "म्हंजी गेल्या साली आमी खाल्ली ती?"

"ती बी."

"मग सांगितलं कामून न्हाई?"

"थकले होते रे. रोज वाटायचं, आज सांगून मोकळं व्हावं. पण माझ्याबिगर गावाचं अडतंय, हे बी लई गोड वाटायचं."

राघोबानं टोपली उकिरड्यावर पालथी केली आणि वर माती लोटली.

ही गोष्ट गावभर झाली आणि यंदाच्या श्रावणात कुणाच्याच घरी अळंबी शिजली नाही. चाळीस वर्षं आम्ही तिच्या दारात टोपल्या ठेवल्या, पण अळंबी ओळखायची कशी हे शेजारी बसून शिकावं, असं आमच्यातल्या एकालाही कधी वाटलं नव्हतं.