सासूबाईंची साइट आणि सुनेचं कुलूप

तिचा धंदा कुलपांचा, पण लोखंडी नव्हे. शिंपी, दातांचे डॉक्टर, गाण्याच्या शिकवण्या घेणारे अशा लहानसहान लोकांच्या वेबसाइट ती सांभाळते. घराच्या मागच्या खोलीत एक टेबल, दोन मॉनिटर आणि खिडकीबाहेर शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे. गिऱ्हाइकाचा फोन बहुधा एकाच तक्रारीचा असतो: साइट आम्हालाच आत घेत नाही. साइटवर येणाऱ्या प्रत्येकाला एक आयपी अॅड्रेस, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, असतो आणि कुणी वेडावाकडा वागला की सुरक्षेचं प्लगइन, म्हणजे साइटच्या दारावरचा पहारेकरी, तो अॅड्रेस ब्लॉक करतं. कधी कधी चोर सोडून संन्याशाला सुळी दिली जाते. मग ती यादी उघडते, संन्याशाला सोडवते आणि पासवर्ड नीट टाका म्हणून दटावते.

सासूबाई तिच्या सगळ्यात कटकट्या गिऱ्हाईक. दोन गल्ल्या पलीकडे, चौथ्या मजल्यावर त्या एकट्या राहत. सासरे गेल्यावर त्यांनी कुंडीतल्या झाडांची साइट काढली होती. लोक पिवळ्या पानांचे फोटो पाठवत, सासूबाई उत्तरं देत. ‘झाड आजारी नाही, तुम्ही त्याला बुडवताय. माया कमी करा.’ अशा उत्तरांसाठी लोक पुन्हा पुन्हा येत. सकाळचा चहा झाला की दुपारपर्यंत त्या तिथेच असायच्या. दुसरं काही करायला उरलंय, असं त्यांना वाटत नव्हतं.

एका सकाळी त्यांच्यासमोर प्लगइनचं लाल पान उघडलं: तुम्हाला ब्लॉक करण्यात आलं आहे.

“माझ्याच घरात मला बंदी?” त्यांनी फोनवर विचारलं. “आणि किल्ली तुझ्या कमरेला. छान आहे हो सूनबाई.”

“मी नाही आई, प्लगइननं केलं.”

“प्लगइन कुणी बसवलं? माझ्या माहेरच्यांनी?”

तिनं अॅड्रेस सोडवला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा अडकला, तिसऱ्या दिवशीही. नोंद पाहिली तर कुणीतरी अस्तित्वात नसलेल्या युजरनेमनं शिरू पाहत होतं, आणि असं युजरनेम दिसताक्षणी ब्लॉक करायचं, हा नियम तिनंच लावला होता. खरा माणूस स्वतःचं नाव चुकत नाही, बॉट, म्हणजे आपोआप चालणारे घुसखोर प्रोग्रॅम, चुकतात, हे या धंद्यातलं पहिलं शहाणपण. नोंदीतलं नाव एका बाईचं होतं. तिनं ते कधी ऐकलं नव्हतं.

मग तिला वाटलं, सापडलं. साइट लवकर उघडावी म्हणून मध्ये एक सेवा जोडलेली होती. त्या सेवेमुळे प्लगइनला येणारे सगळे एकाच अॅड्रेसवरून आल्यासारखे दिसत. म्हणजे गुन्हा बॉटचा आणि शिक्षा सासूबाईंना. तिनं सेटिंग बदललं. आता प्रत्येकाचा खरा अॅड्रेस दिसणार होता. त्या दिवशी तिनं नवऱ्याला सांगितलं, “तुझ्या आईला सांग, सून निर्दोष सुटली.”

“तुमच्या दोघींच्या खटल्यात मला साक्षीला ओढू नका,” तो म्हणाला.

सकाळी लाल पान पुन्हा आलं. नोंदीत तेच नाव होतं. फक्त अॅड्रेस आता खरा दिसत होता, आणि तो सासूबाईंच्या घरचा होता.

ती उठून त्यांच्याकडे गेली. शेजारी स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, “नेहमी करता तसंच करा. मी बघते.”

“बघ. पण मध्ये बोलू नकोस.”

सासूबाईंनी चष्मा लावला आणि एका बोटानं, न अडखळता, ते नाव टाइप केलं.

“आई, ही कोण?”

“कोण म्हणजे? मी.”

त्यांचं माहेरचं नाव होतं ते. लग्नात बदललं गेलेलं. इतकी वर्षं सून होऊनही तिला ते माहीत नव्हतं. विचारायची वेळच आली नव्हती.

“लग्नाआधीचं ना हे?” तिनं विचारलं.

सासूबाई तिच्याकडे वळल्या. “लग्न? कुणाचं ठरलंय?”

मग त्यांची नजर कपाटावरच्या सासऱ्यांच्या फोटोवर गेली. त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला आणि खोट्या चिडीनं म्हणाल्या, “तुझ्या त्या यंत्रानं डोकं फिरवलंय माझं.”

डॉक्टरांनी नंतर जे सांगितलं, ते तिला त्याच स्टुलावर कळलं होतं. तिनं माहेरच्या नावाचं वेगळं खातं उघडलं. इंटरनेट कंपनीकडून घरासाठी कायमचा अॅड्रेस घेतला आणि तो परवानगीच्या यादीत टाकला. आता सासूबाईंनी काहीही टाइप केलं तरी प्लगइन त्यांना अडवणार नव्हतं. काही महिने साइट सुरळीत चालली.

मग एका आईनं विचारलं: बाळानं कण्हेरीचं पान चावलं आहे, काय करू? सासूबाईंनी लिहिलं, ‘काही होत नाही. कोवळी पानं गोडसर असतात.’

सुनेला ते लगेच दिसलं, कारण हल्ली ती त्यांचं प्रत्येक उत्तर वाचत असे. तिनं ते पुसलं आणि लिहिलं, कण्हेर विषारी आहे, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. बाळ वाचलं. तिनं पुसलेलं उत्तर नवऱ्याला सांगितलं.

“पासवर्ड बदलून टाक,” नवरा म्हणाला. “आईला वाटेल, तीच विसरली.”

“तेच नको,” ती म्हणाली. “दिवसभर आठवत बसतील.”

तिनं सासूबाईंच्या घरचा अॅड्रेस परवानगीच्या यादीतून काढला आणि स्वतःच्या हातानं ब्लॉकच्या यादीत टाकला.

फोन आला.

“आज पण प्लगइनच का?”

“नाही आई. आज मी बंद केलं.”

“कबूल केलंस एकदाचं,” सासूबाई म्हणाल्या. आवाजात राग होता आणि तो ठणठणीत होता. “मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.”

पुढे बरंच काही गेलं. कोणत्या कुंडीत काय लावलंय ते, गॅस बंद करायचा तो, मग मुलाचं नाव. सासूबाईंना ती आपल्या घरी घेऊन आली. त्यांना ती जेवू घालते, केस विंचरते. तपासणीला नेलं की डॉक्टर तिच्याकडे बोट करून विचारतात, या कोण? सासूबाईंना अजून क्षणभरही विचार करावा लागत नाही.

“ही माझी सून,” त्या सांगतात. “हिनं माझी साइट बंद केली.”